घडीचा चाकू घ्याचा तं पातं पाहा

संपादक साहेब, नमस्कार.

संत्र्याच्या रोपाईले डोळे भराचं, म्हंजे चांगल्या झाडाचा डोळा खुंटाच्या सालीत बसवून कलम कराचं काम करतो म्हनून लिहितो. बजारातला शंभराचा चाकू दोन दिवसांत बोथट, वरून खीळ ढिली होऊन पातं अंगठ्यावरच मिटलं, तीन टाके पडले राजेहो! मंग भाच्यानं फ्रान्सचा ओपिनेल आनला, लाकडी मूठ अन् पातं अडकवाले फिरती कडी, 1955 सालची सोय हाय ते, कार्बन स्टीलची धार अशी का जंबेरीच्या खुंटाची (ज्याच्यावर संत्र्याचा डोळा भरतो) साल लोन्यासारखी उघडते, पन पुसून तेल नाही लावलं तं गंज धरते अन् लाकूड भिजलं का फुगून पातं जाम. स्विस व्हिक्टोरिनॉक्स स्टेनलेस, गंजाचं टेन्शन नाही, पोलाद मात्र जरा नरम, घडोघडी धार लावा लागते. मले ओपिनेलच पटला. आपल्या इथले दुकानदार पोलाद कोनतं हे सांगतच नाही, निस्ती चमक दाखवतात.

– एक संत्रा बागाईतदार, वरुड तालुका