अर्जाची पोच: उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाह्य सदस्य म्हणून मी काही वर्षं काम केलं. त्यांतली तीन महाविद्यालयं धार्मिक संस्थांची होती आणि तिन्हींचे धर्म वेगळे होते. हे आधीच सांगते, कारण या विषयावर तोंड उघडलं की पहिला प्रश्न येतो, ‘तुमचा रोख कुणावर आहे?’ रोख कुठल्याही धर्मावर नाही. तिन्ही ठिकाणी प्रार्थना वेगळी होती, पण तक्रार आल्यानंतरची धांदल आणि कुजबूज अगदी एकसारखी होती.

एक अर्ज मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. दोन पानी, हाताने लिहिलेला, घड्या पडून पडून मऊ झालेला. तो लिहिणाऱ्या मुलीने तीनदा कार्यालयात नेला होता. पहिल्यांदा ‘साहेब नाहीत’. दुसऱ्यांदा ‘ठेवून जा, बघतो’. तिसऱ्यांदा कार्यालयातल्या एका बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘घरी सांगितलंयस का गं?’ तिन्ही वेळा त्यावर आवक शिक्का पडला नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे. सबळ कारण नोंदवून समिती ती आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते. अर्ज आमच्यापर्यंत आला तेव्हा चौथा महिना चालू होता, आणि बैठकीत तिला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘इतके दिवस गप्प का बसलीस?’ ती गप्प बसली नव्हती, पण ते दाखवणारा एक शिक्का तिच्याकडे नव्हता.

कुठल्याही महाविद्यालयात तक्रार करणं अवघड असतं. धार्मिक संस्थेत त्यावर आणखी एक ओझं येतं. वर्गात शिकवणारे, वसतिगृहावर देखरेख ठेवणारे आणि सकाळच्या प्रार्थनेला पुढे बसणारे गृहस्थ तिथे एकच असू शकतात. ज्यांच्यापुढे नम्र व्हायला घरच्यांनी शिकवलं, त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे मुलीला आपण पाप करतोय असंच वाटतं. साक्षीदार तिच्याच वसतिगृहातले असतात. समितीच्या अध्यक्ष असलेल्या प्राध्यापिकेच्या वेतननिश्चितीची फाईल त्याच विश्वस्तांच्या टेबलावर असते. आमची एक सुनावणी ज्या खोलीत झाली, तिथे तक्रारदार मुलीची खुर्ची बरोबर संस्थापकांच्या तसबिरीसमोर होती. कुणी ती मुद्दाम ठेवली नसेल. मी खुर्ची फिरवायला सांगितली तेव्हा सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

मग येते क्षमेची गोष्ट. एका विश्वस्तांनी मुलीच्या वडिलांना फोन करून सांगितलं की क्षमा हा आपल्या धर्माचा पाया आहे. असेलही, मला त्या शिकवणुकीबद्दल आदर आहे. पण क्षमा करायची की नाही, हे जिला सोसावं लागलं तिने ठरवायचं. २०१३ च्या कायद्यानेही तडजोडीचं दार फक्त तिने मागितलं तरच उघडतं, आणि त्यात पैशांचा व्यवहार चालत नाही. पंच होऊन घरी फोन करण्याचा अधिकार संस्थेला कुणीच दिलेला नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, मंत्री महोदय. या साऱ्या प्रकरणांत ‘गोपनीयता’ हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला. किती तक्रारी आल्या विचारलं की गोपनीय. समितीवर कोण आहे विचारलं तरी गोपनीय! कायद्याचं कलम १६ गोपनीयता सांगतं हे खरं आहे. तक्रारीतला मजकूर, संबंधितांची ओळख, चौकशीचं कामकाज हे जाहीर करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कलमाला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी ओळ आहे. पीडित स्त्री आणि साक्षीदार ओळखू येणार नाहीत अशा रीतीने, तिला काय न्याय मिळाला याची माहिती देता येते. कलम २२ तर सांगतं की वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे संस्थेने आपल्या वार्षिक अहवालात द्यायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार असा अहवाल आयोगाकडेही जायला हवा. म्हणजे पडदा मुलीच्या नावावर टाकायचा होता, आणि तो ओढून घेतला संस्थेने स्वतःवर.

बातमी फुटल्यावर काय होतं तेही पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी संस्थेचं निवेदन निघतं: हा आमच्या श्रद्धेवर घाला आहे, अमुक वर्षांच्या परंपरेला बदनाम करण्याचा कट आहे. चौकशी व्हायच्या आधीच मुलगी खोटी ठरलेली असते. दुसऱ्या टोकाला काही संस्था घाबरून त्याच दिवशी शिक्षकाला काढून टाकतात आणि ‘दोषीवर कारवाई केली’ म्हणून मोकळ्या होतात. यात दोष ठरवला कोणी? दोन्ही निवेदनांत चौकशी नावाची गोष्टच नसते.

एका प्रकरणात आरोप सिद्ध झाला नव्हता. आम्ही साक्षी काळजीपूर्वक घेतल्या, कागद तपासले आणि तसा अहवाल दिला. मुलीने वाईट हेतूने तक्रार केली असंही आम्हाला आढळलं नाही. तक्रार सिद्ध न होणं म्हणजे ती खोटी असणं नव्हे, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. पण त्या प्राध्यापकांचं नाव तोवर मोबाईलवरून गावभर झालं होतं. ते संस्थेच्या सचिवांना भेटले आणि म्हणाले, एक ओळ जाहीर करा, चौकशी झाली आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढंच. उत्तर मिळालं, ‘मिटलंय ना आता, कशाला उकरून काढायचं?’ अहवालाची प्रत त्यांच्या कपाटात होती, पण निवृत्त होईपर्यंत ते शिक्षककक्षात एकटेच चहा पीत राहिले. पांघरूण घातल्याने त्यांचंही भलं झालं नाही. कलम १६ मध्ये अशा माणसासाठी स्पष्ट वाट नाही. त्याने स्वतः लेखी मागणी केली, तर तक्रारदाराचा उल्लेख न करता एक वाक्य जाहीर करण्याची मुभा असावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी असं मला मनापासून वाटतं.

घाईने काय होतं याचंही उदाहरण आहे. गोव्यातल्या एका विद्यापीठीय प्रकरणात समितीने सुनावण्या इतक्या भरधाव उरकल्या की प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेशी संधीच मिळाली नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी म्हटलं. बडतर्फी रद्द झाली आणि चौकशी २००९ साली होती त्या टप्प्यावर परत गेली. चौदा वर्षं! ज्या मुलींनी तक्रार केली होती, त्यांच्या वाट्याला काय आलं याचा विचार करून पाहा. नैसर्गिक न्यायाचे, म्हणजे दोन्ही बाजू नीट ऐकून घेण्याचे नियम आरोपीची सोय म्हणून बघणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. तोच निकाल अंतर्गत समित्यांच्या दुरवस्थेबद्दलही कठोर बोलला आहे.

काही संस्था अल्पसंख्याक दर्जाकडे, अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद ३० कडे बोट दाखवतात. तो हक्क मोलाचा आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण कारभार करण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच केरळ शिक्षण विधेयकाच्या संदर्भात सांगून ठेवलं आहे. आणि धर्माच्या आतूनही बदल होतात. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांना लागू असलेली ‘पोपची गुप्तता’, म्हणजे कॅथलिक चर्चमधली कडक गोपनीयता, व्हॅटिकनने डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. त्याच्या दोन वर्षं आधी ऑस्ट्रेलियातल्या शाही आयोगाचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अंतिम अहवाल आला होता. संस्थांमध्ये बालपणी झालेल्या अत्याचाराबद्दल त्या आयोगाशी खासगीत बोललेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी धार्मिक संस्थांमधले अनुभव सांगितले.

आपल्याकडे मागणं आहे ते नवा कायदा करण्याचं नाही. २०१३ च्या कायद्याचं कलम २५ राज्य सरकारला लेखी आदेशाने संस्थांकडून माहिती मागवण्याचा आणि नोंदी तपासण्याचा अधिकार देतं. महिला व बालविकास विभागाला सोबत घेऊन तो वापरा. प्रत्येक महाविद्यालयाकडून विचारा: तक्रार कोणत्या तारखेला आली, चौकशी नव्वद दिवसांत संपली का, अहवालानंतर साठ दिवसांत कारवाई झाली का. आलेले आकडे जाहीर करा. छोट्या महाविद्यालयात एकच तक्रार असेल तर आकड्यावरूनही मुलगी ओळखू येते, म्हणून तिथे तारखांचा तपशील जिल्ह्याचा एकत्रित द्या.

बाह्य सदस्य संस्थेने निवडू नये. मला एका संस्थेनेच बोलावलं होतं, आणि तिला न आवडलेल्या अहवालानंतर मुदत संपल्यावर पुन्हा पत्र आलं नाही. त्याचं वैयक्तिक दुःख नाही, पण पुढच्या सदस्याला त्यातून काय समजायचं ते समजतं. जिल्हानिहाय यादी करून त्यातून नावं पाठवता येतील. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम सांगतात की वरिष्ठ प्रशासकीय पदांवरची माणसं समितीवर नसावीत, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी असावेत. असे निवडलेले विद्यार्थी मी कधी पाहिले नाहीत. आणि तक्रार थेट नियोक्त्याविरुद्ध असेल, म्हणजे ज्यांच्या हाती संस्था आहे त्यांच्याविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. सूचनाफलकावर ही ओळ लिहिलेलं एकही महाविद्यालय मला आठवत नाही.

कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा प्रश्न येतो. तिथे समितीची वाट पाहायचीच नसते, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दल माहीत असूनही न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पोक्सो कायद्यात, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. हे प्रत्येक प्राचार्यांना आपल्या सहीच्या पत्राने एकदा कळू दे.

बातमी बाहेर आल्यावर संस्थेने काय बोलावं याचा एक नमुना विधी व न्याय विभागाकडून तपासून घेऊन सर्वांना पाठवा. चार वाक्यं पुरेत. तक्रारीची दखल घेतली आहे. नियमानुसार चौकशी चालू आहे आणि ती अमुक तारखेच्या आत संपेल. तोवर कुणीही कुणाचं नाव घेऊ नये. ज्याला काही सांगायचं आहे त्याने इथे, या व्यक्तीकडे यावं.

आणि सर्वांत सोपी गोष्ट, जिला निधी लागत नाही. तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला त्याच दिवशी, तिथेच, तारखेचा शिक्का मारलेली पोच द्यावी, असं एक परिपत्रक काढा.

हे पत्र मी आपल्या कार्यालयातही देत आहे. त्याचा आवक क्रमांक आणि तारीख मला कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
अंतर्गत समितीची एक माजी बाह्य सदस्य