आवारातील झाडांची छाटणी व तोडणी जाणकार व्यावसायिकांकडून करून घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: झाडांची तपासणी होईपर्यंत नियोजित तोडणी स्थगित ठेवण्याची विनंती.

महोदय,

सूचनाफलकावरील नोटिशीनुसार पावसाळ्यापूर्वी आवारातील सर्व झाडांची छाटणी होणार असून गेटजवळचा गुलमोहर, मुलांच्या खेळण्याच्या जागेवर पसरलेला पर्जन्यवृक्ष आणि मागच्या भिंतीलगतचा कडुनिंब ही तीन झाडे पूर्णपणे काढण्याचा समितीचा विचार आहे. काम करणाऱ्याने नाममात्र मजुरी घेऊन निघेल ते लाकूड घेऊन जाण्याची तयारी दाखवली आहे, असेही नोटिशीत म्हटले आहे. झाड धोकादायक झाले असेल तर ते काढावेच लागते, याबाबत माझे दुमत नाही आणि गुलमोहराची तर मलाही काळजी वाटते. माझी हरकत कामाच्या क्रमाला आहे. या तिन्ही झाडांपैकी एकही झाड अद्याप जाणकार व्यक्तीने तपासलेले नाही, आणि कोणते झाड ठेवायचे, कोणते काढायचे व कोणती फांदी कुठे कापायची हे सर्व आपण अशा माणसावर सोपवत आहोत, ज्याची कमाई जास्तीत जास्त जाड लाकूड निघण्यावर अवलंबून आहे.

या व्यवहारातील अडचण समितीने नीट लक्षात घ्यावी, अशी माझी विनंती आहे. वाऱ्यात तुटून खाली पडतात त्या बहुधा वाळलेल्या, कुजलेल्या किंवा आधीच तडकलेल्या फांद्या, आणि त्यांच्या लाकडाला फारशी किंमत येत नाही. उलट ज्या फांदीला किंमत आहे ती जाड, सरळ आणि निरोगी असते. म्हणजे झाडाला तोलून धरणारी. त्यामुळे लाकडाच्या बदल्यात छाटणी करून घेतली की चांगल्या फांद्या जातात आणि धोकादायक फांद्या शेंड्याकडे तशाच लटकत राहतात. यात त्या माणसाचा अप्रामाणिकपणा आहे असे मला सुचवायचे नाही. आपण ठरवलेला मोबदलाच त्याला तसे करायला लावतो.

मागच्या छाटणीचा परिणाम पाहायचा असेल तर समितीच्या सदस्यांनी कृपया पर्जन्यवृक्षाखाली उभे राहून वर पाहावे. त्या वेळी सर्व मुख्य फांद्या एकाच उंचीवर, मधूनच सरळ कापून टाकल्या होत्या. त्या कापलेल्या टोकांची साल आता सुटून लोंबते आहे, मधला भाग काळा पडून खोलगट झाला आहे, आणि एका टोकावर बुरशीची तपकिरी छत्री उगवली आहे. त्याच टोकांच्या भोवती, सालीलगत, सरळसोट उंच गेलेल्या फुटव्यांचे झुबके दिसतात. झाड पुन्हा हिरवे झाले म्हणून आपल्याला बरे वाटले. पण हे फुटवे सालीखालच्या सुप्त डोळ्यांतून आलेले असून त्यांची पकड फक्त बाहेरच्या थरात असते. नैसर्गिक वाढलेली फांदी वर्षानुवर्षे खोडाच्या लाकडात गुंतत जाते, तशी ही पकड नसते. फुटवे झपाट्याने वाढून जड होतात, त्यांच्याखालचे टोक आतून कुजत जाते, आणि काही वर्षांत झाड पूर्वीइतकेच उंच पण पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक होते. आज आपण ज्याला धोकादायक झाड म्हणत आहोत, त्यातला बराच धोका त्या छाटणीने तयार केलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही, हे या कामातले मूळ शास्त्र आहे. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडांची खोडे चिरून त्यांच्या आतील जखमांचा माग काढला आणि 1977 साली प्रसिद्ध झालेल्या मांडणीत दाखवून दिले की, झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, तर त्याच्याभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकते व बाहेरून नवे लाकूड वाढवते. या भिंतींपैकी एक मजबूत भिंत झाडाने फांदीच्या मुळाशीच राखून ठेवलेली असते. फांदी खोडातून निघते तिथे सालीचा किंचित फुगीर, सुरकुतलेला कडा दिसतो. त्याला कॉलर म्हणतात. काप या कॉलरच्या अगदी बाहेरून घेतला तर जखम हळूहळू गोल कड्याने मिटत जाते. खोडाला चिकटून सपाट काप घेतला तर ती भिंतच कापली जाते, आणि हातभर खुंट सोडला तर तो खुंट मरून कुज आत नेतो. कापावर डांबर किंवा रंग लावण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु त्याने कुज थांबत नाही. काप योग्य जागी असणे हाच उपाय आहे.

जड फांदी एकाच घावात कापली की ती स्वतःच्या वजनाने खाली येताना खोडाची साल लांबवर सोलून नेते. म्हणून आधी खोडापासून थोड्या अंतरावर खालच्या बाजूने अर्धवट काप, मग त्याच्या जरा पुढे वरून काप घेऊन फांदी उतरवणे, आणि शेवटी उरलेला खुंट कॉलरच्या बाहेरून काढणे, अशा तीन कापांत हे काम केले जाते. कडुनिंबाच्या बुंध्यावर वरपासून खालपर्यंत जो लांब चट्टा आहे, तो असाच एका घावाचा आहे. एका वेळी जिवंत पालवीच्या सुमारे एक-चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये, हा तज्ज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे, कारण पाने गेली की मुळांना मिळणारे अन्नही तुटते. वयस्क झाडाला तर एवढीही छाटणी सोसत नाही.

आता तीन झाडांविषयी. पर्जन्यवृक्षाचे मी वर लिहिलेच आहे. त्याच्या लांब आडव्या फांद्यांचे वजन टोकाकडून कमी करता येते. फांदी मधेच न तोडता ती जिथे दुसऱ्या उपफांदीला मिळते तिथपर्यंत मागे आणायची, आणि ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या किमान एक-तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे रस तिकडे वळतो व फुटव्यांचा झुबका येत नाही. हे काम नाजूक आहे आणि कुऱ्हाडीने होणारे नाही. आतल्या सर्व बारीक फांद्या साफ करून फक्त टोकाला पालवी ठेवण्याची पद्धतही टाळावी लागेल, कारण तसे केल्याने सगळे वजन टोकाला जाते आणि फांदी वाऱ्यात अधिक हेलकावते.

कडुनिंबाला ढोली आहे म्हणून तो काढायचा, असे नोटिशीत कारण दिले आहे. एवढ्या कारणावर मोठे झाड काढणे योग्य ठरणार नाही. खोडाची बरीचशी ताकद बाहेरच्या लाकडात असते आणि आतला गाभा पोकळ झालेली झाडे दीर्घकाळ उभी राहतात. प्रश्न असतो तो पोकळीभोवती निरोगी लाकडाची भिंत किती जाड उरली आहे याचा. ती लाकडी हातोडीने ठोकून आवाजावरून अजमावता येते, आणि शंका उरल्यास अतिशय बारीक ड्रिल आत घालून लाकडाचा विरोध मोजणारे किंवा ध्वनिलहरींनी आतला भाग तपासणारे उपकरण वापरता येते. त्या ढोलीत पक्ष्यांचा वावर आहे, हेही तपासणाऱ्याला सांगायला हवे.

गुलमोहराची स्थिती मात्र खरोखर गंभीर वाटते. या झाडाची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असते. बहुतेक झाडांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे 60 सेंटिमीटरमध्येच असतात आणि ती पालवीच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरलेली असतात. गेटकडील सांडपाण्याच्या वाहिनीसाठी चर खणला, तो या गुलमोहराच्या बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला. पुढे पेव्हर ब्लॉक खोडाला भिडवून बसवण्यात आले. झाड चराच्या विरुद्ध बाजूला कलले आहे आणि चराच्या बाजूची जमीन किंचित उचलली जाऊन तिथल्या ब्लॉकमध्ये फट पडली आहे. ही फट पूर्वी नव्हती. मुळांची पकड सुटत असल्याचे हे लक्षण असू शकते, त्यामुळे तपासणी सर्वप्रथम या झाडाची व्हावी, तोवर त्याच्याखाली वाहने उभी करू देऊ नयेत, आणि काढायचा निर्णय झाल्यास त्यात दिरंगाई करू नये.

झाड काढायचेच ठरले, तरी इमारती, वीजवाहिनी आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या जागेत ते सरळ पाडता येणार नाही. वरून खाली तुकड्या-तुकड्यांत उतरवावे लागेल आणि प्रत्येक तुकडा दोराने बांधून खाली सोडावा लागेल. ओल्या लाकडाचे वजन आपल्या अंदाजापेक्षा खूप अधिक असते: अर्धा मीटर व्यासाचा, फक्त एक मीटर लांबीचा ओंडका दीडशे ते दोनशे किलोंच्या घरात जाऊ शकतो. मागच्या वेळी वर चढलेला मुलगा अनवाणी होता, कमरेला साधा दोर होता, आणि खाली ये-जा चालूच होती. काही झाले नाही, हे त्याचे आणि आपले नशीब. झाडावर काम करणाऱ्याला हार्नेस, हेल्मेट, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण हवे; यांत्रिक करवत वर चालवताना तो दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेला असावा; खाली त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस आणि दोरी लावून बंद केलेली जागा असावी. वीजतारांजवळच्या फांद्यांना वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याशिवाय कोणीही हात लावू नये. शिवाय जी झाडे ठेवायची आहेत त्यांवर पायाला खिळे लावून चढू देऊ नये, कारण प्रत्येक खिळ्याची जखम झाडात राहते.

मजुरांचा अपघात विमा आणि त्रयस्थ व्यक्तींच्या नुकसानीचा विमा, या दोन्हींची कागदपत्रे काम सुरू होण्यापूर्वी पाहून त्यांच्या प्रती संस्थेने ठेवाव्यात. आवारात कोणी जखमी झाल्यास जबाबदारीचा प्रश्न संस्थेच्या दारात येतोच. तसेच स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय एकही झाड तोडू नये. परवानगी काढण्याचे काम ठेकेदाराने अंगावर घेतले तरी अर्जावर नाव संस्थेचेच असते.

योग्य माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न समितीपुढे येईल. वृक्षतज्ज्ञ म्हणजेच आर्बोरिस्ट हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि 1924 पासून कार्यरत असलेली इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही संस्था परीक्षा घेऊन त्याचे प्रमाणपत्र देते. असे प्रमाणपत्र असलेला माणूस मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास उद्यानशास्त्र किंवा वनशास्त्र शिकलेला, झाडांच्या तपासणीचा अनुभव असलेला माणूस पाहावा. माझ्या मते त्याची परीक्षा आवारातच होते. जो आधी बुंधा, मुळांची जमीन आणि जुने काप पाहतो, इथे खोदकाम कधी झाले होते असे विचारतो, आणि फांदी दाखवून काप नेमका कुठे घेणार हे बोट ठेवून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. जो गेटमधूनच वर पाहून शेंडा मारून टाकू म्हणतो, त्याला परत पाठवावे, मग त्याचे कोटेशन कितीही कमी असो.

तपासणी करणारा आणि कापणी करणारा हे दोघे वेगळे असावेत, असाही माझा आग्रह आहे. तपासणीचा अहवाल झाडनिहाय लेखी घ्यावा आणि त्याच अहवालावर किमान तीन कोटेशन मागवावीत, म्हणजे सगळे एकाच कामाचा दर सांगतील. प्रत्येक झाडातून काय व कशासाठी काढायचे, पालापाचोळा व बुंध्याचा खुंट कोण हलवणार, भिंत किंवा ब्लॉक फुटल्यास भरपाई कोणी करायची आणि लाकूड कोणाचे, हे त्यात लिहिलेले असावे. लाकडाची किंमत वेगळी ठरवून संस्थेच्या खात्यात जमा करावी. मजुरीत ती मिसळू नये. यात खर्च वाढेल, हे मान्य आहे. पण चुकीच्या छाटणीनंतर दर दोन वर्षांनी तेच फुटवे कापत बसण्याचा खर्च आपण सध्या करतोच आहोत.

एका कामासाठी मात्र अहवालाची वाट पाहू नये. पर्जन्यवृक्षाची एक तुटलेली, वाळलेली फांदी घसरगुंडीच्या बरोबर वर दुसऱ्या फांदीत अडकून राहिली आहे. ती याच आठवड्यात प्रशिक्षित माणसाकडून उतरवून घ्यावी आणि तोपर्यंत खेळण्याची ती बाजू बंद ठेवावी. बाकीचा विषय येत्या सभेच्या कार्यपत्रिकेवर घ्यावा आणि तोपर्यंत नोटिशीतील काम थांबवल्याचे सभासदांना कळवावे. तपासणीच्या दिवशी हजर राहून चर, ब्लॉक आणि आधीच्या छाटणीची माहिती देण्यास मी तयार आहे. त्या कामांच्या वेळचे फोटोही माझ्याकडे आहेत, ते समितीला सुपूर्द करीन.

कळावे,

आपली विश्वासू,
बी विंगमधील एक सभासद