मक्याची आजी

प्रिय चिऊ,

मक्याच्या शेतावरची आपली ‘मक्याची आजी’ गेल्याचं तुला फोनवर सांगितलंच होतं. शनिवारी तिचं सगळं पार पडलं. तुझी परीक्षा होती, तू आली नाहीस म्हणून इथे कोणी नाव ठेवलेलं नाही. पण गावच्या साप्ताहिकात तिच्याबद्दल जे छापून आलंय ते वाचून मला राहवेना. ‘प्रेमळ पत्नी, आई आणि आजी. गोधड्या शिवण्याची व स्वयंपाकाची आवड.’ ८७ वर्षांच्या बाईबद्दल एवढंच!

गोधड्या शिवायची हे खरंच. चर्चच्या तळघरात बायका लाकडी चौकटीभोवती बसायच्या, त्यात मीही जायचे. माझा टाका बघून तिने एकदा नुसत्या भुवया उंचावल्या होत्या. पण मला तिची आठवण येते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या हिशेबाच्या वह्यांसोबत.

तिचा जन्म १९३८ चा. अमेरिकेच्या या आयोवा राज्यात तेव्हा बहुतेक शेतांवर वीज पोचली नव्हती, कंदिलाच्या काचा पुसायचं काम तिचं. तिची आई अंडी विकून घरखर्च भागवायची आणि मांडून ठेवायची. ती सवय हिने उचलली. लग्नानंतर मका, सोयाबीन, डुकरं, खत, डिझेल, सगळं हिच्या अक्षरात. चर्चच्या जुन्या पाककृतींच्या पुस्तकात मात्र तिचं स्वतःचं नाव नाहीच, नवऱ्याच्या नावापुढे ‘मिसेस’ लावून छापलंय. हसू नकोस, तुझ्या आजीचं तर लग्नात पहिलं नावच बदललं होतं.

१९७९ मध्ये शेजारची ८० एकर जमीन विकायला निघाली. भाव वर्षागणिक चढत होते, बँका कर्ज द्यायला टपलेल्या. आजोबांनी राहतं घर आणि शेत गहाण ठेवायचं ठरवलं. इथल्या कायद्याने राहतं घर गहाण टाकायला नवराबायको दोघांची सही लागते. तिने रात्रभर आकडेमोड केली आणि सकाळी सांगितलं, मी सही करणार नाही. मटार सोलता सोलता मला हे सांगत होती. आजोबा पेरणी संपेपर्यंत तिच्याशी धड बोलले नव्हते म्हणे.

पुढे काय झालं ते सगळ्या आयोवाला माहीत आहे. १९८० च्या अखेरीस बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. राज्यात एकराचा सरासरी भाव १९८१ ला २,१४७ डॉलर होता, तो १९८६ ला ७८७ वर आला. ज्यांनी चढ्या भावात कर्ज काढून जमिनी घेतल्या, त्यांची अवजारं अंगणात लिलावाला लागली. ती ८० एकर ज्याने घेतली त्याचंही तसंच झालं. त्या लिलावाला ती जेवणाचे डबे घेऊन गेली, बोली मात्र कशावरच लावली नाही.

आजी-आजोबांचं शेत टिकलं, पण पैसा नव्हताच. मग ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. पगार किरकोळ होता. नोकरी धरली ती आरोग्यविम्यासाठी. गावातली चाळिशीच्या पुढची निम्मी माणसं तिच्या हातचं जेवलीत, म्हणूनच शनिवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. नंतर खाली तळघरात हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड आणि पातळ कॉफी, सगळं रीतसर. मी आपली बटाट्याची भाजी नेली होती, तिला आवडायची म्हणून. पातेलं रिकामं परत आलं.

पाद्रींचं भाषण छान झालं, पण त्यातही तिच्या हातचे ॲपल पायच होते. मला खूप वाटलं उठून त्या सहीबद्दल सांगावं. ते सांगणं तिच्या मुलांचं काम, म्हणून बसून राहिले.

तिच्या थोरल्या मुलीला मात्र जेवताना विचारलं. वह्या माळ्यावर आहेत, पुढच्या महिन्यात घर रिकामं करताना टाकून देणार होती. मी म्हटलं, आधी जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला दाखव. तिला पटलंय असं वाटतं, पण खात्री नाही. तू तिला फोन कर. मक्याचे तुरे काढायला उन्हाळ्यात तू त्यांच्याच शेतावर जायचीस, तुझं ती ऐकेल. संध्याकाळी सातनंतर घरी असते.

तुझी,
आई