रात्रीचं लँडिंग आणि कानांचा धोका

संपादक साहेब,
जुलै आला की मला १६ जुलै १९९९ ची रात्र आठवते, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या जॉन केनेडींचा मुलगा जॉन केनेडी ज्युनियर स्वतः विमान चालवत न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघालेला, सोबत बायको आणि मेहुणी. एका इंजिनचं छोटं पायपर कंपनीचं विमान. खाली काळा समुद्र, हवा धुरकट, क्षितिजच दिसेना. अशा वेळी कानातला तोल चक्क खोटं सांगतो हो, विमान वळत वळत खाली चाललेलं असतं आणि आपल्याला वाटतं सरळच आहे! बेट जवळ आलेलं आणि तिघंही गेले. तपासात विमानात बिघाड सापडला नाही, फक्त उपकरणांवर उडवायचं रेटिंग, म्हणजे बाहेर काही दिसत नसताना नुसती उपकरणं बघून उडवायची परवानगी, त्याच्याकडे नव्हती. फ्लाइंग क्लबमधल्या पोरांना ही केस पहिल्याच आठवड्यात शिकवा, प्लीज.
– एक वाचक, नाशिक