आई-बाबा, राजीनामा दिलाय

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगणार होते. दोनदा लावलाही, पण एकदा आई म्हणाली कुकर लागलाय नंतर कर, आणि दुसऱ्यांदा बाबा गुडघ्याच्या डॉक्टरांबद्दल इतकं बोलले की माझं राहूनच गेलं. खरं सांगायचं तर मीच राहू दिलं. म्हणून लिहितेय. वाकडहून कोथरूडला पत्र, हसा हवं तर.

मी राजीनामा दिलाय. नोटीस पिरियड दोन महिन्यांचा, तो संपला की विद्यापीठात पीएचडीला जॉइन होतेय, पॉझिटिव्ह सायकॉलॉजीत, म्हणजे माणूस आनंदी, समाधानी कशाने असतो त्याचा अभ्यास. ॲडमिशन झाली, गाईड मिळाल्या, फीसुद्धा भरून झाली. म्हणजे विचारत नाहीये, सांगतेय, आणि हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

आता बाबा पहिलं विचारणार पैशांचं. जेआरएफ मिळालीये बाबा, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना दरमहा मिळणारी सरकारी फेलोशिप. वयाची अट 30 ची असते पण बायकांना 5 वर्षांची सवलत आहे, मी 34 ची, म्हणजे गाडी सुटता सुटता शेवटच्या डब्यात चढले. महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं वेगळं. आत्ताच्या पगाराच्या निम्मेसुद्धा नाहीत, कळतंय मला. पण अमेयशी बोलून सगळा हिशोब मांडलाय, गाडीचे सातच हप्ते राहिलेत, चिऊच्या शाळेची फी बाजूला काढलीये. तुमचा मेडिक्लेम मीच भरणार, त्यावर चर्चा नको, मागच्या वेळची चर्चा अजून लक्षात आहे माझ्या.

आई विचारेल किती वर्षं. नियमाने कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6, आणि बायकांना वर 2 मिळतात. आठचा आकडा बघून लगेच देवापुढे बसू नकोस, मी चार-साडेचारात उरकणार आहे.

बाबा, गणपतीत सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात ना, "आनंदात पीएचडी? मग दुःखात काय, डिप्लोमा?" सगळे हसले, मीही हसले, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. म्हणून सांगते. अकरा वर्षं एचआरमध्ये मी लोकांचे एक्झिट इंटरव्ह्यू घेतले, का सोडताय, काय खटकलं, सगळं विचारलं. जे टिकले, मजेत काम करतायत, ते कशामुळे, हे मी कधीच कुणाला विचारलं नाही, तसा फॉर्मच नव्हता आमच्याकडे. सायकॉलॉजीचंही बरीच वर्षं असंच चाललं होतं. सेलिग्मन म्हणून एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं सुरुवातीचं नाव झालं ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी, 1967 च्या सुमारास. काहीही केलं तरी शॉक टळत नाही हे शिकलेली कुत्री नंतर सुटायला वाट असूनही तिथेच पडून राहायची. पण काही कुत्री तशी पडून नाही राहायची, उठून जायची! तोच माणूस 1998 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला आणि म्हणाला की महायुद्धानंतर आपण नुसते आजारच बघत आलोय, माणसाचं बरं चालतं ते कशाने हेही मोजूया. मोजूया, बाबा. तुमच्या ग्रुपवर येतात ते सूर्योदयाचे गुड मॉर्निंग म्हणजे माझा विषय नाही. कायम हसत राहा असं सांगणाऱ्यांचा मलाही रागच येतो.

आणि तुम्हाला आणखी एक मानसशास्त्रज्ञ नक्की आवडेल, चिक्सेंटमिहाय (मलाही महिनाभर जमलं नव्हतं म्हणायला). हातातलं काम बरोबर आपल्या ताकदीच्या टोकाला असेल तर माणसाला वेळेचं भान राहत नाही, त्याला तो फ्लो म्हणतो. मला ते वाचताना तुमचा आकाशकंदील आठवला. गॅलरीत पसरलेल्या बांबूच्या कामट्या, खळीची वाटी, तोंडात धरलेला दोरा, आणि आईने तीनदा ठेवलेला चहा तिन्ही वेळा गार. मी शेजारी बसून जिलेटिन कापायचे, वाकडं कापलं तरी तुम्ही ते मागच्या बाजूला लावायचात, टाकून नाही द्यायचात. ते मला खूप उशिरा कळलं.

माझा विषय साठीपुढच्या लोकांचं समाधान. त्यासाठी मे महिन्यात मी तुमच्यावर तो समाधान मोजायचा फॉर्म करून बघितला, आठवतंय? डीनर या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये केलेला, पाचच वाक्यं, प्रत्येकाला 1 ते 7 मार्क, म्हणजे कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 35. मला फक्त बघायचं होतं की माझं मराठी नीट झालंय का. बाबांनी सगळीकडे 6 टाकले, एक मार्क हातचा राखून, परीक्षकासारखे. आईने चार वाक्यांना पटापट आकडे दिले आणि पाचव्यापाशी थांबली. पुन्हा जगायला मिळालं तर मी जवळजवळ काहीच बदलणार नाही, असं आहे ते. तू पेन्सिल कागदावर टेकवलीस, उचललीस, म्हणालीस दूध उतू जाईल, आणि आत गेलीस.

गॅस बंद होता आई. मला बाहेरून दिसत होता.

मी तेव्हा काही विचारलं नाही, आत्ताही विचारत नाहीये. बाबा, तुम्हीही नका विचारू, आणि मनाला लावून घेऊ नका, तुमच्यामुळे काही नाही, तेव्हा आजी तशी होती आणि मी दीड वर्षाची. एवढंच सांगते की आईची ती ट्रंकेतली फाईल मी दहावीत असताना बघितली होती. राजीनाम्याचा मेल पाठवताना तीच डोळ्यापुढे होती, आणि दूध उतू जात नाहीये हे मला माहीत होतं, म्हणून पाठवला.

घाबरू नका, मी लांब जात नाहीये, उलट जवळ येतेय. विद्यापीठातून तुमच्याकडे वीस मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे पहाटे पाचला. तरी आठवड्यातून दोनदा जेवायला येणार.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी नाश्त्याआधी घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. स्टुलावर चढून माळा काढायचा नाही, मी आणि अमेय येतोय दिवाळीआधी. आईने गुडघ्याचा एक्सरे पुढे ढकलायचा नाही, मंगळवारी रिक्षाने जायचं, बसने नाही, रिक्षावाला जास्त मागेल तर द्यायचे. मावशीला माझी बातमी मी सांगेन, तुम्ही घाई करू नका.

तो फॉर्म टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्येच आहे. अभ्यासात मी तो घेणार नाही, घरच्यांचा घेतही नाहीत. राहू दे तसाच.

शनिवारी येते. घारगे करत उभी राहू नकोस, पाय दुखतात तुझे. केलेसच तर चिऊसाठी चार जास्त कर.

तुमचीच,
मनी