बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "पृथ्वीच्या पोटात कोण उतरून बघून आलंय काय? मग तुम्हाला कळतं कसं?" हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

उतरलेलं कुणीच नाही. रशियात कोला इथे जमिनीत पाडलेलं भोक १२ किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबलं, आणि प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, त्याच्याही बरंच खाली. पण तिथला माल कधीकधी आपणहून वर येतो. आंध्रातल्या वज्रकरूरचे किंबर्लाइट दगड १५० किलोमीटरहून खोलवरून आलेत, म्हणून तर तिथे हिरे सापडतात. मी मात्र त्यांतली टायटॅनियमची खनिजं शोधते.

दगडाचा काप ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पेरोव्स्काइट या त्यांतल्याच एका खनिजाचे तपकिरी कण दिसतात, बहुतेक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान. तयार होताना हा कण थोडं युरेनियम धरून ठेवतो. त्याचं हळूहळू शिसं होतं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय निघतं. वज्रकरूरचं आलंय साधारण ११० कोटी वर्षं. आपल्या येळ्ळूरच्या विहिरीतला काळा पाषाण ६.६ कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदीच पोर. शिवाय कणात लोह किती शिरलंय, यावरून त्या तप्त रसात ऑक्सिजन किती होता तेही ताडता येतं.

ऑक्सिजनचाच विषय निघाला म्हणून सांगते. टिस्टाराइट नावाचं खनिज आधी १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या उल्केत मिळालं, मग इस्रायलच्या माउंट कार्मेलजवळच्या ज्वालामुखी दगडांत. रुटाइल या टायटॅनियमच्या नेहमीच्या खनिजात एका टायटॅनियममागे दोन ऑक्सिजन असतात; टिस्टाराइटमध्ये दोन टायटॅनियमांत मिळून तीनच. खरोखर खोलवर तयार झालं असेल, तर प्रावरणात कुठेकुठे ऑक्सिजनचा जवळजवळ दुष्काळ आहे. यावर अजून वाद चालू आहेत.

मला स्वतःला सगळ्यांत मोलाची वाटतात ती दक्षिण आफ्रिकेच्या हिऱ्यांच्या खाणींतली लिंडस्लेयाइट आणि मॅथियासाइट ही टायटॅनियमची खनिजं. त्यांत बेरियम आणि पोटॅशियम आहे, आणि प्रावरणाच्या साध्या दगडात ही मूलद्रव्यं नावालाच असतात. म्हणजे तिथे बाहेरून काहीतरी झिरपत आलं, दगडाशी भिडलं आणि त्याला बदलून गेलं. खालचा दगड निपचित पडून नाही, बाबा. त्याच्यात अजून घडामोडी होतात. हे हातात धरून बघायला मिळतं म्हणून मी हे काम सोडत नाही.

आई, बेळगावात कॉलेजची नोकरी बघ म्हणतेस, त्यामागची तुझी काळजी कळते गं. पण हे नमुने हैदराबादलाच आहेत. एवढं काम हातावेगळं होऊ दे, मग बसून बोलू.

बाबा, पाऊस ओसरला की बांधाच्या कडेला काळी, जड वाळू साचते ना, ती चमचाभर डबीत भरून ठेवा. लोहचुंबकाला चिकटेल ती. त्यातही टायटॅनियम असणार, मला तपासायची आहे. आणि आईला गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतरच घ्यायला लावा. दिवाळीला येतेच.

तुमची लेक