चावीच्या घड्याळांचं मशीन फेकू नका

महोदय,

आमच्या नवी पेठेतल्या घरात काळ्या दगडाचं एक घड्याळ आहे. देवळासारखा आकार, हिरव्या दगडाचं जडावकाम, सोनेरी रोमन आकडे. मागच्या पितळी पत्र्यावर जापी फ्रेर या फ्रेंच कारखान्याचा शिक्का आहे. हा कारखाना फ्रेडरिक जापी यांनी अठराव्या शतकात उभारला. घड्याळाचे भाग यंत्रांवर बनवायला सुरुवात करणाऱ्यांपैकी ते एक.

आजोबा नौदलात होते. फेब्रुवारी १९४६ चं बंड झालं तेव्हा ते मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात होते. नोकरी सुटल्यावर हे घड्याळ मुंबईतूनच जुन्या बाजारातून घेऊन ते सोलापूरला आले. अर्ध्या तासाचा टोल पडला की ते मान वर करायचे. जहाजावरही दर अर्ध्या तासाला घंटा होते, चार तासांच्या पाळीअखेर आठ ठोके. दर रविवारी चावी देणं त्यांनी शेवटपर्यंत कुणाकडे सोपवलं नाही.

परवा एका कारागिराने मला सांगितलं, ‘मशीन काढा, सेलचं बसवा.’ माझ्या पोटात गोळाच आला. घड्याळ फक्त मागे पडत होतं! बाराच्या आकड्यावर एक बारीक भोक असतं. त्यातला खिळा छोट्या चावीने किंचित फिरवला की लंबक आखूड होतो. तेवढ्याने काम झालं.

जुनी घड्याळं दुरुस्त करणारे जे थोडे हात शहरात उरलेत, त्यांची ओळख आपण वाचकांना करून द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सोलापूर